फटफटी दोन दिवस आमच्याकडे होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चादरींच्या घड्या. माघाचं ऊन होतं, गच्चीवर चार चादरी वाळल्या होत्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याला जमत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. मग बायको माझ्या हातातली टोकं घेई आणि मी खाली वाकून मधली बाजू उचली. वेणू म्हणाली, "कोपरे जुळवा हो. इतकी वर्षं झाली, तुमचे कोपरे कधी जुळले नाहीत." मी म्हटलं, "चादरच वाकडी आहे." खाली गल्लीत कुणा पोराची मोटारसायकल पायरीला अडली होती आणि तो ती नुसती घरघर घुमवत होता. ती कठड्यावरून वाकून बघून आली आणि म्हणाली, "आपली ती फटफटी हिरवी होती, नाही?" मी म्हटलं, "काळी." "हिरवी. टाकी हिरवी होती." "टाकीसुद्धा काळी." तेवढ्यावरून आम्ही चौथी चादर होईपर्यंत भांडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिच्या जाण्यावर मी काही लिहिणार नाही, मला ते येत नाही. ज्या गाडीवरून भांडलो तिच्यावर लिहितो. आणि वेणू हे नाव मी जन्मभर तोंडाने घेतलं नाही, "अगं" म्हणूनच काम भागवलं. आता घेतो. कोण रागावणार आहे.

आमचं घर दुर्गाघाटावर, अजून तिथेच आहे. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची, आणि गाय आली तर दोघांनी. गाडी शिरायचा प्रश्नच नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीर्थोपाध्याय होते. सातारा, कऱ्हाड, वाई इकडून काशीला येणारी माणसं आमच्याकडे उतरत. त्यांना आम्ही यजमान म्हणतो. त्यांच्या पाच-पाच पिढ्यांची नावं आमच्या लाल कापडातल्या वह्यांत होती. कोण कधी आला, कुणाच्या अस्थी घेऊन आला, सगळं. अण्णा ती वही उघडून एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या पणजोबाची सही दाखवत, तेव्हा तो माणूस मटकन खाली बसायचा. आई यजमानांसाठी रोज मोठं पातेलंभर वरण चढवी, आणि सकाळी कोपऱ्यावरची कचौडी आणून दिली तरी त्यांना मेतकूट-भातच हवा असे. शेजारच्या वेदशाळेतल्या पोरांचं पाठांतर पहाटेपासून भिंतीतून ऐकू येई. त्या पोरांत मीही तीन वर्षं होतो. तीन वर्षांत मला जे आलं ते गुरुजींनी अण्णांना एका वाक्यात सांगितलं, "याला घरी न्या." शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मारून मुटकून. मला फक्त यंत्रं कळत. गल्लीतलं कुणाचंही शिवणयंत्र, स्टोव्ह, घड्याळ माझ्याकडे यायचं आणि चालतं होऊन जायचं. पण भटाच्या घरात त्याला कोण विद्या म्हणतो? मी अण्णांच्या काही उपयोगाचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नसे, एवढीच त्यांची माया.

मला दिलेलं काम एकच, मुगलसरायला जाऊन यजमानांना घेऊन यायचं. दक्षिणेकडची गाडी तिथे येई आणि काशीसाठी गाडी बदलावी लागे. त्या दुसऱ्या गाडीचा काही भरवसा नसे, दोन-दोन तास ती यायचीच नाही. तेवढ्यात दुसऱ्या घरांचे एजंट एक्के, म्हणजे एका घोड्याच्या गाड्या, घेऊन उभेच. त्यात एक लल्लन होता. जन्माने बनारसी, पण मराठी अशी बोलायचा की वाईची माणसं त्याला विचारत, तुमची आळी कुठली? त्याची घोडी पांढरी आणि चलाख. मी आमच्या भाड्याच्या एक्क्यातून पोचेपर्यंत लल्लन अर्धी माणसं घेऊन गंगेच्या पुलावर असायचा. मला बघून घोडी थांबवायचा आणि म्हणायचा, "पंडित, आज तुमच्या वाटणीचं पण मीच नेतो. तुम्ही हवा खा." माझ्या पणजोबांनी ज्यांचं श्राद्ध केलं त्यांचे नातू दुसऱ्याच्या ओसरीवर उतरू लागले. अण्णा मला काही म्हणत नसत. नुसते संध्याकाळी वही उघडत, बघत आणि मिटत. त्या हिवाळ्यात दोन महिने असं चाललं आणि मग मला रहमत मियाँकडे ती फटफटी दिसली.

रहमत मियाँचा मोटारी दुरुस्त करायचा कारखाना छावणीकडे होता. मी तिथे फुकट राबायला जायचो, घरी सांगायचो देवळात जातो. पाण्याच्या कामावरचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परत चालला होता, त्याने आपली गाडी विकायला मियाँकडे ठेवली. विलायती गाडी, बोटीतून आलेली, सात-आठ वर्षं चाललेली. काळी. गियरचा दांडा टाकीच्या बाजूला, हाताने टाकायचा. पुढे कार्बाइडचा दिवा. आणि बाजूला एका चाकावर बसवलेली एक होडी, माणूस बसायला. मियाँची पोरं तिला डोंगी म्हणत. डोंगी बघितली आणि माझ्या डोक्यात गाडी सुरू झाली. एक म्हातारा यजमान डोंगीत, सामान मागे बांधलेलं, आणि लल्लनची घोडी धुरळा खात मागे. पैसे होते. कुठून आले ते सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात राहणार नाही. माझ्या विधवा आत्याने जाताना माझ्या नावाने ठेवले होते. तो विषय संपला.

मी गाडी चार दिवस तपासली. समोर उभं राहून बघितलं, पुढचा दांडा वाकलेला आहे का? नव्हता. चाक हातात धरून हलवलं, बेअरिंगला खेळ होता पण थोडा. टाकीत काठी घालून पुसून काढली, गंज आला नाही. किक दाबून धरली तर पाय उचलून देत होती, म्हणजे दम होता. खाली रात्रभर कागद पसरून ठेवला, सकाळी तेलाचे तीन थेंब. विलायती गाडी तेल गाळतेच, मियाँ म्हणाला, गाळलं नाही तर समज की तेलच नाही. डोंगीच्या सांगाड्याला एके ठिकाणी जोड दिलेला होता, तो त्याने स्वतःच बोट ठेवून दाखवला. टायर मिळायला अवघड, ते कलकत्त्याहून मागवावे लागणार. मी वर-खाली, वर-खाली बघत राहिलो. पाचव्या दिवशी, घेणार की नुसतीच बघणार या अर्थाने, मियाँ हात पुसत म्हणाला, "का गुरू, लेबा कि खाली देखबा? इतने दिन में तो आदमी बीवी पसंद कर लेता है."

मी म्हटलं, "बीवी तो बाप ने पसंद की."

"तो बाप को ही ले आ, वही इसको भी कर ले." मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "दो दिन चला ले. तीसरे दिन सुबह नौ बजे या पैसा, या गाड़ी."

गाडी घेऊन मी मैदागिनपर्यंत आलो. त्याच्यापुढे आमच्या मोहल्ल्यात तिला वाट नाही. तिथे सुक्खू अहिराचा गोठा होता, त्याने म्हशीशेजारी जागा दिली. दुसऱ्या दिवशी तो सांगत होता की म्हशीने पान्हा चोरला, आणि दुधाचा दोष माझ्या फटफटीवर. घरी मी अण्णांना सगळं एका दमात सांगितलं. ते ओसरीवर पानाला चुना लावत होते. त्यांनी पान पूर्ण लावलं, तोंडात घातलं, आणि मग म्हणाले, "बसायला काय आहे तिला?"

"गादी आहे. कातड्याची."

"कशाच्या कातड्याची?"

ते विलायती कातडं कशाचं असणार ते दोघांनाही माहीत होतं. अण्णा म्हणाले, "सोवळ्यातली म्हातारी माणसं येतात आपल्याकडे. गळ्यात अस्थी असतात. त्यांना गाईच्या कातड्यावर बसवून काशीत आणणार तू?" मी इंजिन, चाकं, टाकी सगळं बघितलं होतं. गादी बघितली नव्हती. म्हणजे बघितली होती, मऊ आहे का एवढंच.

तेव्हा आतून वेणू बोलली. तिला आमच्या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं, माहेर ब्रह्माघाटावर, हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांशी ती दाराआडूनच बोले, पण बोले. "घोंगडी चालते ना सोवळ्यात? लोकर चालते. वरून घोंगडीची खोळ शिवली तर?"

अण्णा दाराकडे न बघता म्हणाले, "खोळीच्या खाली कातडं राहीलच."

"तुमच्या मृगाजिनाच्या केसांखाली काय असतं?" ती म्हणाली. "हरणाने काय लोकर दिली होती?"

आई स्वयंपाकघरात फिसकन हसली. अण्णांनाही हसू आलं. ते त्यांनी पानाच्या पिंकेबरोबर बाहेर जाऊन टाकलं. परत आल्यावर म्हणाले, "शिव बाई. शास्त्र मी बघतो." त्या दुपारी वेणूने जुनी काळी घोंगडी उसवून डोंगीच्या गादीला आणि माझ्या सीटलासुद्धा खोळ शिवली. मी माप आणून दिलं होतं ते चुकलं, दोनदा उसवावं लागलं. सुई दाताने ओढत ती मला म्हणाली, "मला कधी बसवणार?" मी म्हटलं, "आधी यजमान."

त्याच दुपारी पत्र आलं. साताऱ्याजवळच्या खेड्यातले सखारामपंत, आमचे चार पिढ्यांचे यजमान, बायकोच्या अस्थी घेऊन उद्या सकाळच्या गाडीने येतात. एकटेच. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे घर लल्लनकडे गेलं तर मी वह्या गंगेत सोडीन." मग माझ्याकडे बघून, "ने तुझं यंत्र." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलं.

सकाळी दाट धुकं होतं. मी लल्लनच्या आधी मुगलसरायला पोचलो. हे वाक्य मी त्या दिवसाआधी कधी म्हणू शकलो नव्हतो. सखारामपंत डब्यातून उतरले, उंच, वाकलेले, पांढरी दाढी वाढलेली, गळ्यात लाल फडक्यात बांधलेला तांब्या. एक हात त्या तांब्यावरच. उतरता उतरता खाली तोंड करून म्हणाले, "उतरायचं आहे हं. मुगलसराय आलं." मला वाटलं मला म्हणतायत. मग कळलं. आमच्याकडे येणारी पुष्कळ माणसं असं करत. अस्थी नेताना वाटेत प्रत्येक ठिकाणी गेलेल्या माणसाला सांगायचं, गाडी बदलायची आहे, नदी आली, आता वळायचं आहे. नाहीतर जीव मागे राहतो, वाट चुकतो. मी हे शेकडो वेळा ऐकलं होतं. रोज ऐकलेली गोष्ट ऐकू येत नाही.

लल्लन पळत आला तेव्हा मी पंतांना डोंगीत बसवून पायांवर शाल टाकत होतो. लल्लनने गाडी बघितली, मला बघितलं आणि लगोलग दुसऱ्या यजमानाची पिशवी उचलली. पंत खोळीवरून हात फिरवून म्हणाले, "घोंगडी आहे का? बरं केलंत." मग म्हणाले, "बाळ, पूल आला की मला सांग हो. आणि जरा थांब." मी म्हटलं, "हो, हो." माझं लक्ष लल्लनच्या घोडीकडे होतं, ती निघाली होती.

मी पहिल्याच मैलात तिला मागे टाकलं. काय सांगू. तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो आणि बारा वर्षं लोक माझ्याकडे बघून मान हलवत होते. थंड वारा डोळ्यांत पाणी आणत होता आणि इंजिन असं एकसारखं बोलत होतं की मला वाटलं, हीच माझी संथा. त्या वेळी पूल एकच होता, त्याच्यावरूनच रेल्वे आणि त्याच्यावरूनच एक्के, माणसं. गाडी यायची असली की फाटक बंद. आम्ही आलो तेव्हा फाटक उघडं होतं, आणि केव्हाही बंद होईल, म्हणून मी सुसाट आत घुसलो. चाकाखाली फळ्या धडाधड वाजू लागल्या. पंत माझ्या मांडीवर हात मारत होते. जोरजोरात. तोंडाला उपरणं बांधलेलं, त्यातून काही ओरडत होते. मी ओरडलो, "भिऊ नका, काका! दोन मिनिटांत पलीकडे!" आणि आणखी पळवली.

मैदागिनला सुक्खूच्या गोठ्यापुढे गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. कान सुन्न झाले होते. मी म्हटलं, "पोचलो. एक्क्याला अजून तास लागेल." पंतांनी तोंडावरचं उपरणं काढलं. दोन्ही हात तांब्यावर. म्हणाले, "गंगा कुठे आहे?"

"मागे गेली की. तोच पूल."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "अरे, तिला सांगायचं होतं. साताऱ्यापासून मी एक नदी चुकवली नाही. आणि नेमकी गंगा राहिली." मग तांब्या सावरून, "तिला कळलंच नाही बाळ. ती पलीकडेच राहिली."

मी म्हटलं, आता सांगा की, गंगा इथून जवळ आहे, घाटावर गेलं की दिसेल. मी म्हटलं, परत नेतो गाडीवरून, दहा मिनिटांचं काम. त्यांनी मान हलवली. "ह्या आवाजात तिला ऐकू येत नाही. मी चालत जातो आणि चालत आणतो. तू घरी जा, अण्णांना सांग उशीर होईल." आणि निघालेसुद्धा. सत्तरीचा माणूस, तीन रात्रींचा प्रवास झालेला, पायांत वहाणा नाहीत. मी चुकलो होतो, आता एकट्याला कसा सोडू? मी त्यांच्या मागे गेलो. वाटेत लल्लनचा एक्का समोरून आला, त्यात कुणीतरी दुसरे यजमान. त्याने आम्हाला उलट्या दिशेने चालताना बघितलं आणि एक्का थांबवला. म्हणाला, "फटफटी मेली काय रे?" पंतांकडे आणि तांब्याकडे बघून त्याने घोडी हाकली. टोमणा मारला नाही. एवढं त्याच्या खात्यावर लिहायला हवं.

पुलावरून पलीकडे जाताना पंत एक शब्द बोलले नाहीत. तांब्या उपरण्याने झाकून घेतला होता, तिला उलटी वाट दिसू नये म्हणून. पलीकडच्या टोकाला जाऊन ते वळले, बसले, श्वास घेतला. धुकं निघून गेलं होतं. मग उपरणं बाजूला केलं आणि उठले. "चल आता," म्हणाले, "पूल आला. हळू. फळ्या आहेत." पुढे पाऊल, थांबणं, पुढे पाऊल. "ही बघ गंगा. आपल्या कृष्णेपेक्षा मोठी आहे. पाणी खाली गेलंय आत्ता, थंडीचे दिवस. तो डावीकडे वळलाय ना काठ, तिथे घाट आहेत, तिथेच जायचंय." मध्येच घरचंच काहीतरी. "धाकट्याचं पत्र नाही आलं. येईल. काल गाडीत एकाने खिचडी दिली, मी खाल्ली. तू विचारशील म्हणून सांगतो. मीठ नव्हतं." फाटक बंद झालं म्हणून आम्ही मधल्या कठड्याशी अंग चोरून उभे राहिलो. रेल्वे अंगावरून गेल्यासारखी गेली, सगळा पूल थरथरला. त्यांनी तांब्या छातीशी धरला आणि म्हणाले, "भिऊ नकोस. आगगाडी आहे." मी त्यांना तेच म्हटलं होतं सकाळी. मला कठड्याकडे तोंड करावं लागलं.

आज मी त्यांच्यापेक्षा मोठा आहे. वेणू काशीत जन्मली, काशीत गेली. घरापासून मणिकर्णिका कितीशी लांब? ना कुठली नदी ओलांडायची, ना गाडी बदलायची. चौघांनी उचलली आणि त्या गल्ल्यांतून, "राम नाम सत्य है" म्हणत, इतक्या भराभर नेली की मी मागे धापा टाकत होतो. मला वाटेत थांबायचं होतं, तिच्या माहेरच्या दारापाशी. सांगायचं होतं, हे तुझं दार. मी ओरडलोही बहुतेक. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार. नेणारी पोरं वाईट नव्हती, त्यांना लवकर पोचायचं होतं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. अण्णा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. पंत पाय धुऊन, तांब्या खुंटीला टांगून जेवायला बसले, आईने मेतकूट-भात वाढला, तो त्यांनी तीनदा मागून घेतला. अण्णांपाशी त्यांनी माझ्याबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही. म्हणाले, "मुलगा माझ्याबरोबर दिवसभर चालला." मीच अण्णांना मागच्या अंगणात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला वाटलं होतं त्याच्या उलटं बोलले. "घे गाडी. चूक झाली, पुढच्या वेळी पुलावर थांब. लल्लनच्या आधी पोचलास की नाही? मग. सगळे काही अस्थी घेऊन येत नाहीत."

मी म्हटलं, "मी थांबणार नाही, अण्णा."

"म्हणजे?"

"तिच्यावर बसलो की मला थांबवत नाही. बाजूला माणूस बसलाय हेच विसरलो मी. तो मांडीवर हात मारत होता, आणि मला वाटलं घाबरलाय. उद्या थांबेन, परवा थांबेन, तेरवा लल्लन पुढे दिसला की पुन्हा तेच." हे बोलताना मला रडू येत होतं, कारण मला ती गाडी हवी होती. आजही सांगतो, तितकी दुसरी कुठली वस्तू मला हवीशी वाटली नाही. अण्णा म्हणाले, "मग एक्कावाला तरी चांगला बघ. आत्ताच्याचं घोडं आजारी आहे." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून आत गेले. पुढची चाळीस वर्षं मी मुगलसरायहून माणसं आणली, एक्क्यातून, मग टांग्यातून, मग रिक्षातून. लल्लनने त्यातली पुष्कळ नेली. पण आमच्या वह्या गंगेत गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गाडी मियाँच्या दारात न्यायची होती. सकाळी अण्णा पंतांना घेऊन नावेतून अस्थी सोडायला गेले. मी निघालो, तर आई वेणूला म्हणाली, "आज आपल्या घाटावर फार गर्दी असेल बाई. तू मैदागिनकडून फेरी घालून ये." मैदागिनला ना घाट ना गंगा. वेणूने माझ्याकडे बघितलं, आईने चुलीकडे. आम्ही गल्लीतून पुढे-मागे अंतर ठेवून चाललो, अनोळखी असल्यासारखे. गोठ्यात सुक्खूची बायको शेण गोळा करत होती, ती पदर तोंडात धरून हसायला लागली. वेणूने लुगडं आवरलं, डोक्यावरून शाल घट्ट घेतली आणि स्वतः शिवलेल्या खोळीवर पाय पोटाशी घेऊन बसली. "पडणार नाही ना?" "नाही." "चला मग."

मियाँचा कारखाना पश्चिमेला. मी गाडी पूर्वेला वळवली. पुलाचं फाटक उघडं होतं. पुलाच्या तोंडाशी मी गाडी थांबवली, इंजिनसुद्धा बंद केलं. खालून वाफ येत होती, पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"थांबलात का? बिघडली?"

"नाही. गंगा आली. सांगतोय."

तिने शालीतून तोंड बाहेर काढलं. "दिसतेय मला. जिवंत आहे मी." मग दोन्ही हातांनी डोंगीची कड धरली आणि म्हणाली, "आता जोरात घ्या. काल पंतांना नेलंत तशी."

मी किक मारली. फळ्या धडाधड वाजायला लागल्या. पुलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ती काहीतरी ओरडत होती, माझ्याकडे तोंड करून, शाल मागे उडालेली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि मी गाडी हळू केली नाही.